गारठा आणि दवाच्या दिवसात टोमॅटो-बटाट्याचा करपा, झाड आतून कसं लढतं ते आधी बघा

रात्री गार, सकाळी दव, दुपारपर्यंत ढगाळ असे दिवस सुरू झाले की टोमॅटो बटाटावाल्यांच्या पोटात गोळा येतो, कारण उशिरा येणाऱ्या करप्याला हेच पाहिजे असतं, १५ ते २२ अंशाच्या आसपास तापमान आणि पानावर काही तास टिकलेली ओल, एवढं मिळालं की थोड्या दिवसात अख्खा प्लॉट काळा पडतो. फवारणीचं सगळेच सांगतात, मी आज झाडाच्या आत काय चालतं ते सांगतो, ते कळलं की पाणी आणि खत कुठं चुकतंय ते पण लक्षात येतं.

जनुकाची आरएनए प्रत निघते आणि तिच्यावरून प्रोटीन बनतं हे शाळेत शिकलोय. पण झाडात अशा पण ढीगभर प्रती निघतात ज्यांच्यावरून प्रोटीन बनतच नाही, त्यातल्या २०० अक्षरांपेक्षा लांब असतील त्यांना लाँग नॉनकोडिंग आरएनए म्हणतात. आधी याला कचराच समजायचे. आता माहितीय की यातले बरेच दुसऱ्या जनुकांचं काम कमी-जास्त करतात, आणि रोग आला, पाणी तुटलं, गारठा पडला की त्यातले काही एकदम वाढतात.

टोमॅटोतलं उदाहरण मला फार आवडतं. रोग ओळखणारे राखणदार प्रोटीन झाडाकडे असतात, पण एरवी मायक्रोआरएनए ४८२बी नावाचा छोटा आरएनए त्यांच्या प्रती कापत राहतो, कारण राखणदार कायम जागे ठेवले तर ताकद त्यातच जाते आणि वाढ खुंटते. करप्याची लागण झाली की २३४६८ नंबरचा लांब आरएनए वाढतो आणि या छोट्याला स्वतःकडे ओढून घेतो, आपण सापळा पीक लावतो ना, अळी तिकडं जावी आणि मुख्य पीक वाचावं म्हणून, अगदी तसंच, आणि मग राखणदार वाढतात. प्रयोगात हा आरएनए मुद्दाम वाढवलेल्या झाडांवर करपा कमी पडला. कमी पडला, थांबला नाही, हे लक्षात ठेवा.

म्हणजे झाड लढतं, पण लागण झाल्यावर त्याला तयारीला वेळ लागतो, आणि एकाच वेळी सगळीकडून बीजाणू येऊन पडले तर ते पुरं पडत नाही. आपलं काम बीजाणू आणि ओल कमी ठेवायचं. संध्याकाळी पाणी देऊ नका, सकाळी द्या, तुषार सिंचन या दिवसात बंदच ठेवा, ठिबक असेल तर उत्तम. खालची जमिनीला टेकलेली पानं काढा, बांधणी वेळेवर करा, वारा खेळला पाहिजे. मागच्या पिकाचे राहिलेले बटाटे उगवले असतील तर उपटा, सडके बटाटे बांधावर टाकू नका, करपा बऱ्याचदा तिथूनच येतो. स्पर्शजन्य, म्हणजे पानावरच राहणारं बुरशीनाशक रोग यायच्या आधी, लेबलवरच्या प्रमाणात, आणि आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत शिरणारं वापरताना औषधाचा गट बदलत राहा.

नत्र जास्त देऊन लुसलुशीत केलेलं झाड करप्याला सोपं जातं, युरिया आवरा. स्फुरद पण गरज बघूनच द्या. गार जमिनीत मुळं स्फुरद नीट उचलत नाहीत म्हणून रोपांची पानं खालून जांभळी होतात, लगेच पोती ओतू नका, जमीन तापली की बऱ्याचदा आपोआप सुधारतं. स्फुरद कमी पडलं की झाड स्वतः हालचाल करतं, आयपीएस१ नावाचा लांब आरएनए त्यात हिशोब ठेवायचं काम करतो, आणि सापळ्याची ही युक्ती पहिल्यांदा २००७ साली त्याच्यातच दिसली, मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात. माती तपासा, मग खत ठरवा.

व्हायरसचं मात्र वाईट आहे. पांढऱ्या माशीने येणारा पानं पिवळी करून वळवणारा व्हायरस टोमॅटोचा एक लांब आरएनएच दाबून टाकतो आणि त्यामुळे पानं वळतात, झाड खुजं राहतं, हे २०१९ ला समोर आलं. म्हणजे वळलेलं झाड फवारून सरळ होत नाही, ते उपटा, खर्च नर्सरीच्या बारीक जाळीवर आणि पिवळ्या चिकट सापळ्यांवर करा. रोपं लावायच्या आधी आठवडाभर पाणी हळूहळू कमी करून कणखर करा, पण सुकवू नका.

आता कुणी आरएनएची बाटली घेऊन प्रतिकारशक्ती वाढते म्हणाला तर घेऊ नका. कपाशीत तर असे काही लांब आरएनए दाबल्यावरच मर रोगाला प्रतिकार वाढला, म्हणजे कुठला वाढवायचा कुठला दाबायचा हे पिकागणिक वेगळं, हे काम वाण तयार करणाऱ्यांचं आहे. अमेरिकेत २०२३ ला बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंग्यासाठी लेडप्रोना मंजूर झालं ते दुहेरी धाग्याचं आरएनए, भुंग्याचं जनुक बंद करतं, झाडाला ताकद देत नाही.

ढगाळ हवा असेल तोवर रोज सकाळी दव असतानाच प्लॉटमधून फिरा आणि पानं उलटी करून बघा, डागाच्या कडेला पांढरी लव दिसली की ते झाड पिशवीत घालूनच बाहेर काढा, ओढत नेऊ नका.