घाट चढताना सगळेच हिरो असतात : ग्रुप राईडमधल्या या चुका टाळा

चवथ झाली, गणपती पोचवले, पाऊस जरा ओसरला की आमच्या डिचोली-साखळी भागातल्या पोरांच्या अंगात बाईक शिरते. मग मला फोन. "दादा, रविवारी चोर्ला मारूया?" मारूया म्हणे, घाट म्हणजे काय डास आहे का. नाही म्हणवत नाही म्हणून जातो, आणि दरवेळी त्याच चुका, फक्त पोरं नवीन.

व्हॉट्सॲप ग्रुप लगेच तयार होतो. त्यावर जॅकेट कुठलं, व्हिडिओ कोण काढणार, बेळगावात जेवायचं कुठे, सगळी चर्चा होते. रांगेत सगळ्यात मागे कोण चालणार हे मात्र आजवर एकानं विचारलेलं नाही. मी काही ट्रेनर वगैरे नाही, चोर्ला, अनमोड, आंबोली, तिलारी हे आपल्या आजूबाजूचे चार घाट वर्षानुवर्षं चढून-उतरून जे अंगावर आलं तेवढंच सांगतोय.

"पुढे थांबतो, तू ये" हे वाक्य बंद करा

ही चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. सात बाईक होत्या. पहाटे निघालो, केरीवरून घाट चढलो, वर अंजुणे धरणाचा फोटो झाला, कणकुंबीला माऊलीच्या देवळात पाया पडलो (मलप्रभा नदी तिथेच उगम पावते, थांबलात तर बघून या), चहा घेतला, सगळं मस्त. पुढे मी होतो. कणकुंबीच्या पुढे जंगलाचा रस्ता, मोबाईलला रेंज आली तर आली. त्यात सगळ्यात शेवटी जो पोरगा होता त्याची बॅग बंजीतून (बांधायच्या रबरी दोरीतून) सुटली म्हणून तो थांबला. त्याच्या पुढच्याला वाटलं येईल मागून. त्याच्या पुढच्याला तर कळलंच नाही. आणि मी हवेत.

जांबोटीला रस्ता फुटतो, एक बेळगावला जातो आणि एक खानापूरला. आम्ही बेळगावच्या रस्त्याला लागलो आणि बरंच पुढे जाऊन एका टपरीवर थांबलो, मोजतोय तर सहा. दहा मिनिटं गेली, वीस गेली, फोन लागत नाही. मग दोघं मागे फिरलो ते परत पार कणकुंबीपर्यंत. तो परतीचा रस्ता मी विसरणार नाही. प्रत्येक वळणावर गाडी हळू करून खाली बघायचं, रस्त्याच्या कडेला गवत मोडलेलं दिसलं की पोटात गोळा. एका ठिकाणी तर उतरून हाका मारल्या, खाली म्हैस निघाली.

दोन-अडीच तासांनी फोन वाजला. साहेब खानापुरात, एका हॉटेलात बसून इडली-वडा खात होते. जांबोटीच्या फाट्यावर कोणीच दिसलं नाही, मग जो रस्ता बरा वाटला तो धरला, आणि आपण मागे पडलोय असं समजून सगळा रस्ता पिळत गेला. आम्ही पुढे नव्हतोच, तो कोणाला गाठत होता देव जाणे. त्याला आम्ही यथेच्छ शिव्या घातल्या, पण खरं सांगायचं तर चूक त्याची नव्हती, पुढे मी होतो. मागे राहिलेला माणूस नेहमी जोरात चालवतो, आणि तो बहुतेक वेळा ग्रुपमधला सगळ्यात नवीनच असतो. म्हणजे ज्याला सगळ्यात कमी येतं तोच सगळ्यात जोरात, तेही एकटा.

तेव्हापासून माझ्याबरोबर यायचं तर हे पाळायचं. नवीन माणूस पुढच्या गाडीच्या लगेच मागे, दुसऱ्या नंबरला. शेवटी जो येणार तो जुना खोड, ज्याच्याकडे पंक्चर किट आणि पाने आहेत, आणि ज्याला कोणाच्या पुढे जायची खाज नाही असा. प्रत्येकानं फक्त आपल्या मागच्या गाडीचा लाईट आरशात बघायचा. २०१७ नंतरच्या गाड्यांचा हेडलाईट बंदच होत नाही, तेव्हा दिसला नाही ही सबब चालणार नाही. दोनेक मिनिटं लाईट दिसला नाही की सरळ रस्त्यावर कडेला थांबा. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढचा थांबतो, असं करत करत पुढच्यापर्यंत पोचतं, फोन लागायची गरजच नाही. आणि फाट्यावर शेवटची गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकानंही हलायचं नाही. लघवीला लागली असेल तरी तिथेच बघा काय ते.

माझी एक सवय सांगतो, पोरं हसतात. शेवटच्या गाडीच्या हँडलला मी झेंडूची माळ बांधतो, दसऱ्याला बांधतो तशी. साखळीच्या बाजारात सकाळी मिळते. आरशात बघून कळतं की शेवटचा आला, आणि वाटेत कोणी चुकलंच तर टपरीवाल्याला विचारता येतं, माळवाली गाडी गेली का हो? काळं जॅकेट, काळं हेल्मेट कोणाच्या लक्षात राहत नाही, माळ राहते.

आणि पाच-सहाच्या वर गाड्या असतील तर दोन ग्रुप करा. बारा गाड्यांची रांग बघायला भारी वाटते, मागच्या भाजीच्या टेम्पोवाल्याला विचारा कशी वाटते. तो बेळगावहून आपलीच भाजी घेऊन येत असतो.

बाकी बारीकसारीक, जे दरवेळी होतंच

पेट्रोल. साखळीला किंवा होंडा गावाकडे टाकी फुल करा. "पुढे बघू" म्हणणाऱ्याला जंगलात ढकलताना मी बघितलंय, चढावर.

धुक्यात हेडलाईटचा अपर मारू नका. समोर पांढरी भिंत दिसते आणि समोरच्याला तर काहीच दिसत नाही. डिपर ठेवा, हळू चला.

धबधबा दिसला म्हणून वळणावर गाडी लावणारे. आंबोलीला पावसात रविवारी जाऊन बघा, त्यांचं संमेलन असतं.

चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, घाटाचा नियम आहे हा. चढावर थांबलेला ट्रक परत उचलणं किती कठीण असतं ते चालवणाऱ्यालाच माहीत.

पावसानंतर घाटात रस्त्याच्या कडेला शेवाळ असतं आणि आपल्याकडे लाल माती वाहून येते, ती ओली असली की साबण. पांढऱ्या पट्ट्यासुद्धा घसरतात. वळणावर वाकून गुडघा टेकवायची हौस घरच्या गादीवर भागवा.

मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट. "तिला नको, केस खराब होतात" हे मला सांगू नका.

बाटल्या. गोव्यात स्वस्त म्हणून बॅगेत भरून हद्दीपलीकडे नेऊ नका, परमिट लागतं, आणि नाक्यावर सगळी बॅग खोलल्यावर अख्खी ट्रिप तिथेच बसते. पिऊन चालवणाऱ्याविषयी मी लिहितच नाही, तो माझ्याबरोबर येत नाही.

उतार : इथे खरी परीक्षा

चढताना गाडी स्वतःच हळू होते, चूक झाली तरी सावरता येते. उतरताना तसं नाही. आणि आपली पोरं गाडी शिकतात म्हापसा-पणजीच्या सपाट रस्त्यावर, त्यांना ब्रेक म्हणजे दाबला की थांबलं एवढंच माहीत असतं.

बेळगावहून परत येताना एकदा तिलारीवरून यायचं ठरलं, चंदगडकडून खाली दोडामार्गला. ज्यांनी हा घाट बघितला नाही त्यांच्यासाठी, हा चोर्ल्यासारखा नाही. चोर्ला ऐसपैस आहे, तिलारी म्हणजे जिना. उतार एकदम खडा आणि वळणं अशी की खालचा रस्ता आपल्या पायाखाली दिसतो. आमच्यात भावोजी होते, स्कूटरवर, मागे माझी बहीण, पुढे पायाशी पिशवी, पिशवीत दोन किलो कुंदा, बेळगावची मिठाई. घाट लागला तसं भावोजींनी इंजिन बंद केलं. उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं म्हणून. मी बघितलं, पण भावोजींना गाडी कशी चालवायची ते कसं सांगणार, जीभ रेटेना. हीच माझी चूक.

तीन-चार वळणं झाली आणि वास यायला लागला, ब्रेकचं लायनर जळल्याचा. अजून एक वळण, आणि मागून बहिणीची किंकाळी आणि भावोजींचा आवाज, "ब्रेक लागत नाही रे!" त्यांचं नशीब आणि डोकं दोन्ही बरं म्हणून त्यांनी दरीच्या बाजूला न जाता गाडी डोंगराकडच्या गटारात घातली. बहिणीचा गुडघा सोलला, भावोजींचा चष्मा गेला, कुंद्याला काही झालं नाही. पाऊण तास तिथेच बसलो. कोणी बोलत नव्हतं, कुंदा खाल्ला.

झालं काय ते समजून घ्या. स्कूटरला आधीच इंजिनची पकड कमी, त्यात इंजिन बंद केलं की ती पूर्णच गेली, सगळं वजन एकट्या ब्रेकवर. ड्रम ब्रेक सतत दाबून धरला की तापतो, ड्रम फुगून लायनरपासून लांब जातो, लायनरही तापून गुळगुळीत होतं, मग तुम्ही कितीही दाबा. डिस्क ब्रेकवाल्यांनी हसू नये. डिस्कचं ब्रेक ऑइल ओलावा ओढून घेतं आणि आपल्याकडे हवेत ओलावा काय कमी आहे? नवीन डॉट ४ ऑइल २३० डिग्रीच्या खाली उकळत नाही, पण ओलावा धरलेलं १५५ च्या आसपाससुद्धा उकळू शकतं. उकळलं की आत बुडबुडे, आणि लिव्हर थेट मुठीला टेकतो. दोन वर्षांत ऑइल बदला. पोरं सायलेन्सर बदलतात, ऑइल नाही.

म्हापशाच्या एका जुन्या मोटारसायकल पायलटानं (आपल्याकडचा बाईक टॅक्सीवाला) मला शिकवलेलं, ज्या गिअरनं घाट चढशील त्याच गिअरनं उतर. यापुढे शिकण्यासारखं फारसं नाही. दुसरा गिअर, इंजिन घुरघुरू दे, ब्रेक फक्त वळणाच्या आधी, दोन्ही एकदम, नीट दाबायचे आणि सोडायचे. धरून ठेवायचे नाहीत. पुढच्या ब्रेकला घाबरून फक्त मागचा दाबणारे पुष्कळ भेटतात, पण उतारावर वजन पुढच्या चाकावर असतं, मागचा नुसता घसरतो. पुढचा हळूहळू वाढवत दाबा, वळणात असताना एकदम नको. न्यूट्रल करून पेट्रोल वाचतं हे तर डोक्यातून काढाच, इंजेक्शनवाल्या गाडीत गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन पेट्रोल घेणंच थांबवतं, उलट न्यूट्रलला ती पेट्रोल जाळत राहते. म्हणजे जीव धोक्यात घालून वाचवलं काय, तर शून्य.

स्कूटर असेल तर इंजिन चालू ठेवा, वेग वाढूच देऊ नका आणि दर थोड्या अंतरानं थांबा. थांबायचं कारण विचारलं तर फोटो म्हणा. भावोजींना मी आता हेच सांगतो, "भावोजी, इथे ताईचा फोटो छान येईल."

लिव्हर ढिला लागायला लागला किंवा वास आला तर तिथल्या तिथे थांबा, अर्धा तास. तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका, वाकडी होते. थंड झाल्यावर लिव्हर परत कडक होईल, म्हणून सगळं ठीक झालं असं समजून पोरं परत तशीच सुटतात. हळू खाली या आणि मेकॅनिककडे न्या. आम्ही त्या दिवशी बहिणीला माझ्या मागे बसवलं आणि भावोजी एकटे, थांबत थांबत, माणूस चालेल इतक्या वेगानं भेडशीला उतरले.

निघायच्या आधी

चेन. आदल्या दिवशी मध्यभागी बोटानं वरखाली करून बघा, इंच-सव्वा इंचापेक्षा जास्त हलत असेल तर ताणून घ्या. टायरची हवा सकाळी, गार असताना. क्लचची एक जादा केबल सीटखाली ठेवा, माझी तीन वर्षांत एकदाही लागली नाही, दुसऱ्यांना चार दिल्या, पैसे दोघांनीच दिले. नवीन बूट घालून येऊ नका, तेही लोक येतात.

आणि पुण्या-मुंबईहून येणारे आपले पाहुणे. भाड्यानं गाडी घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं देणं-घेणं बेकायदा आहे. शिवाय ती घेऊन घाटावर जाणार असाल तर मालकाला आधी विचारा, कारण चोर्ल्याच्या वर गेलात की कर्नाटक लागतं आणि पुष्कळ मालक राज्याबाहेर गाडी देत नाहीत. माझ्या मावसभावानं विचारलं नव्हतं. स्कूटर कणकुंबीला बंद पडली, त्यानं मालकाला फोन केला, आणि मालक पहिलं वाक्य जे बोलला ते मला इथे लिहिता येत नाही.