तान्ह्या पोळ्याचा जुना नंदी : पाय हलत होता, भुंगा लागला होता

नंदी म्हणजे तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात तो चाकांचा लाकडी बैल. हा सागाचा, तीन पिढ्यांचा. पोटाखाली खिळ्यानं कोरलेली पोरांची नावं आहेत, म्हणून पॉलिश पेपर तिथं लावायचाच नाही. मानेवरचा हाताळून गुळगुळीत झालेला भागही तसाच राहू द्यावा.

पाय का हलतो? आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड आटतं, खुंटी सैल होते. बहुतेक जण वरून खिळा ठोकतात. तिथंच लाकूड चिरतं. पाय ओढून काढा, खुंटीवरचा जुना सरस पूर्ण खरवडा. तो राहिला तर नवा डिंक धरतच नाही. फट मोठी असेल तर खुंटीला सुती कापडाची एक पट्टी फेव्हिकॉलमध्ये भिजवून गुंडाळा, पाय बसवा, सायकलच्या जुन्या ट्यूबनं आवळून 24 तास हलवू नका.

बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा म्हणजे कीड जिवंत आहे. हातमोजे घालून, लहान मुलांपासून लांब, लाकडाच्या किडीचं औषध सिरिंजनं भोकात सोडा आणि 2 दिवस प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा. पूर्ण वाळल्यावर सागाचा भुसा आणि फेव्हिकॉलची लुगदी भरा, वरून पॉलिशचे दोन हात.

चाक आणि आस यांत 1-2 मिमी जागा सोडा. पोळा ऐन पावसाळ्यात, लाकूड फुगून चाक जाम होतं. आसाला मेणबत्ती घासली की पुरे, तेल नको, धूळ धरतं.

पोळ्यानंतर सुती कापडात गुंडाळून कोरड्या माळ्यावर ठेवा.