डिस्क दिसली म्हणजे काम झालं नाही: मेनफ्रेमवर नवे व्हॉल्यूम जोडताना या चुका टाळा

ऐरोली-महापे पट्ट्यात मेनफ्रेम म्हणजे मोठे संगणक सांभाळणाऱ्यांना शनिवारचं रात्रीचं जागरण नवं नाही. स्टोरेजवाले व्हॉल्यूम (म्हणजे डिस्क) बनवून देतात, आपण नवा आयओडीएफ (कोणतं उपकरण कोणत्या पत्त्यावर, ही यादी) ॲक्टिव्हेट करतो, कन्सोलवर पत्ते दिसू लागतात आणि लगेच ठाण्याच्या पहिल्या लोकलचे वेध लागतात. खरा घोळ होतो तो इथून पुढे.

सगळ्यात महागात पडते ती इनिटमधली, म्हणजे व्हॉल्यूम वापरायला तयार करतानाची चूक. कोऱ्या व्हॉल्यूमवर लेबल नसतं, म्हणून आयसीकेडीएसएफच्या (इनिट करणाऱ्या प्रोग्रामच्या) जॉबमध्ये 'नोव्हेरिफाय', म्हणजे 'नाव तपासू नको', लिहिलं जातं. पुढच्या वेळी तोच जॉब कॉपी होतो आणि सवय लागते. मग कन्सोलवर आयसीके००३डी हा संदेश येतो: अमुक पत्त्याच्या व्हॉल्यूममधला मजकूर बदलायचा असेल तर 'यू', नाहीतर 'टी'. रांगेत तीसचाळीस व्हॉल्यूम असले की पत्ता कोण वाचतो? बोटं आपोआप 'यू' दाबत सुटतात. जॉबमध्ये ७ए४० च्या जागी ७४ए० पडला असेल आणि तो व्हॉल्यूम आपल्या एलपारवर (मेनफ्रेमच्या आपल्या विभागावर) ऑफलाइन असेल, तर इनिट बिनबोभाट पार पडतो. शेजारच्या एलपारवर मात्र त्याच व्हॉल्यूमवर डीबी२ डेटाबेस चालू असू शकतं! नवा व्हीटॉक (डिस्कची अनुक्रमणिका) लिहिला गेला की जुन्या डेटासेटचा, म्हणजे फाइलींचा, ठावठिकाणाच जातो. मग बॅकअप शोधत बसा. म्हणून व्हॉल्यूम सगळीकडे ऑफलाइन आहे ना हे तपासणारं 'व्हेरिफायऑफलाइन' जॉबमध्ये कायम ठेवा. जुना व्हॉल्यूम पुन्हा इनिट करत असाल तर 'व्हेरिफाय'मध्ये त्याचा जुना व्हॉल्सर (व्हॉल्यूमचं नाव) द्या. पत्ता चुकला तर जॉब तिथेच थांबेल. दोन मिनिटं जास्त जातील, जाऊ द्या.

व्हीटॉक छोटा ठेवणं ही दुसरी खोड. ३३९० प्रकारच्या डिस्कच्या एका ट्रॅकवर ५० नोंदी मावतात, म्हणजे १५ ट्रॅकच्या एका सिलिंडरमध्ये ७५०. छोट्या मॉड-३ व्हॉल्यूमच्या ३,३३९ सिलिंडरसाठी लिहिलेला व्हीटॉकचा आकडा मोठ्या मॉड-५४ च्या ६५,५२० सिलिंडरवर तसाच ठेवला, तर लहान लहान डेटासेटनी व्हीटॉक भरतो आणि डिस्क अर्धी रिकामी असूनही जागा मिळत नाही. व्हीटॉकचा इंडेक्सही विसरू नका, एसएमएसच्या (डेटासेटना आपोआप जागा देणाऱ्या यंत्रणेच्या) व्हॉल्यूमला तो लागतोच.

व्हॉल्यूम ऑनलाइन येतच नसेल तर आधी 'डी एम=डेव्ह' ही कमांड देऊन पाथ (डिस्कपर्यंतचे मार्ग) पाहा. पाथ ठीक असतील तर बेस (व्हॉल्यूमचा मूळ) आणि एलियस (त्याच व्हॉल्यूमसाठीचे जादा) पत्ते तपासा: आयओडीएफमध्ये बेस आणि स्टोरेजवर एलियस, असं उलटसुलट झालेलं सापडतं. त्याच नावाचा दुसरा व्हॉल्यूम आधीच ऑनलाइन असेल तरी नवा येणार नाही.

ऑनलाइन आला, तरी जॉब जागेअभावी पडताहेत? बहुतेक वेळा व्हॉल्यूम स्टोरेज ग्रुपमध्ये (एसएमएसच्या व्हॉल्यूमच्या गटात) घातलेला असतो, पण एससीडीएस (एसएमएसची बदललेली मांडणी ठेवणारा डेटासेट) ॲक्टिव्हेट करायचा राहिलेला असतो. 'डी एसएमएस,एसजी(नाव),लिस्टव्हॉल' देऊन प्रत्येक एलपारवर त्याची स्थिती बघा. एका ठिकाणी एनेबल आणि दुसरीकडे डिसेबल असेल, तर सोमवारी सकाळी बॅचवाल्यांचा फोन येणारच.