जीवशास्त्राचे शिक्षक व्हायचंय? या चुका टाळा

आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल हे मठात राहणारे धर्मगुरू. ते शिक्षकांच्या पात्रता परीक्षेत नापास झाले होते. १८५० मध्ये एकदा, आणि १८५६ मध्ये पुन्हा बसले तेव्हाही जमलं नाही. मधल्या काळात मठाने त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात धाडलं. तिथून परतल्यावर १८५४ ते १८६८ अशी चौदा वर्षं ते ब्रनोच्या शाळेत शिकवत होते, तेही कायमस्वरूपी पात्रतेशिवाय. वाटाण्यावरचे प्रयोग याच काळातले. परीक्षेला कमी लेखायचं म्हणून हे सांगत नाही. पात्रता हवीच, आज तिच्याशिवाय वर्गाचं दार उघडत नाही. पण विषय येणं, परीक्षा पास होणं आणि शिकवता येणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि या पेशातल्या बहुतेक चुका त्यांची गल्लत केल्यामुळे होतात.

पदवी आहे, म्हणजे शिकवता येईलच

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. स्वतःची एक परीक्षा घेऊन पाहा: भल्यामोठ्या झाडाचं वजन येतं कुठून? केल्विन चक्र (प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनण्याच्या पायऱ्या) पाठ असलेले पदवीधरही पटकन ‘मातीतून’ म्हणून जातात. सतराव्या शतकातले शास्त्रज्ञ फान हेल्मोंट यांनी विलोचं रोप पाच वर्षं कुंडीत वाढवलं. झाडाचं वजन ५ पौंडांवरून १६९ पौंडांवर गेलं, माती मात्र जेमतेम २ औंस घटली. त्यांनी श्रेय पाण्याला दिलं. झाडाचा कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो, हे त्यांना ठाऊक असणं शक्यच नव्हतं. वर्गातली मुलं साधारण याच वळणांनी विचार करतात, आणि ती वळणं माहीत असणं हे शिक्षकाचं खास ज्ञान. शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलं ते हेच: नुसतं विषयज्ञान वेगळं आणि तो विषय शिकवण्याचं ज्ञान वेगळं.

उपाय साधा आहे, फक्त चिकाटी लागते. पाठटाचण काढताना घटकाच्या उद्दिष्टांआधी मुलांच्या चुकीच्या समजुती लिहा. ‘वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि श्वसन फक्त रात्री’ (श्वसन चोवीस तास चालू असतं). ‘प्रभावी गुणधर्म म्हणजे जास्त लोकांत आढळणारा’ (हाताला सहा बोटं असणं बऱ्याचदा प्रभावी जनुकामुळे घडतं, तरी ते दुर्मीळच, उलट ओ रक्तगट अप्रभावी असूनही सर्रास आढळतो). अशी वही दोन-तीन वर्षांत कुठल्याही मार्गदर्शकापेक्षा उपयोगी होते.

‘माझा विषय प्राणिशास्त्र, वनस्पती नंतर बघू’

शाळेत असे कप्पे नसतात. एकाच आठवड्यात परागीभवन, वृक्क आणि जीवाणू समोर येऊ शकतात. शिवाय आनुवंशिकतेला संभाव्यता लागते, श्वसनाला रसायनशास्त्र. नेमणुकीआधीच स्वतःचा कच्चा भाग ओळखा आणि शालेय पुस्तकापासून सुरुवात करा. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

आधीची नोकरी लपवणं, किंवा तिचंच तुणतुणं वाजवणं

प्रयोगशाळा, रुग्णालय, औषधनिर्मिती अशा ठिकाणी काम करून शिक्षकी पेशात येणारे पुष्कळ असतात. काहींना ती वर्षं वाया गेल्यासारखी वाटतात, म्हणून अर्जात एका ओळीत उरकतात. काहीजण मुलाखतीत पीसीआर यंत्राबद्दल (डीएनएच्या असंख्य प्रती काढणारं यंत्र) इतकं बोलतात, की समोरच्यांना प्रश्न पडतो: हे मुलांशी कधी बोलणार? मधला रस्ता असा, की प्रत्येक अनुभवापुढे ‘यातून मुलांना काय दाखवता येईल’ हे लिहायचं. नमुना दूषित झाल्यामुळे फसलेली चाचणी हा नियंत्रित प्रयोग शिकवण्याचा उत्तम धडा आहे.

प्रात्यक्षिक आदल्या दिवशी करून न पाहणं

सराव पाठ उरकायचे म्हणून उरकलेल्यांची पंचाईत इथे होते. कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी घ्या. मुलं वहीत काळ्या जाड कडांची गोल वर्तुळं काढू लागली, तर ते हवेचे बुडबुडे आहेत. आच्छादन काच एका कडेने तिरकी टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू सोडली, की ते बरेच कमी होतात. चित्रात हरितलवकं (पेशीतले हिरवे कण) दिसू लागली, तर मूल सूक्ष्मदर्शकातून नाही, पुस्तकातून काढतंय. कांद्याच्या त्या पापुद्र्यात ती नसतातच. हायड्रिला या पाणवनस्पतीचं पान ठेवा, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल. आणि स्टार्च परीक्षेत पानाचा हिरवा रंग काढायला अल्कोहोल थेट ज्योतीवर कधीही तापवू नका. ज्योत विझवून गरम पाण्याच्या भांड्यात परीक्षानळी ठेवा. इथे हयगय नको, बाकी कशातही चालेल एक वेळ.

शिकलो तेव्हाचंच शिकवत राहणं

माणसात ४८ गुणसूत्रं असतात, असं कित्येक वर्षं बिनदिक्कत शिकवलं गेलं. शास्त्रज्ञ पेंटर यांनी १९२३ मध्ये तो आकडा दिला होता. १९५६ मध्ये चिओ आणि लेवान यांनी ४६ दाखवून दिली. आजही एका ग्लुकोजच्या रेणूपासून ३८ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) असं ठासून सांगणारे भेटतात. हल्लीचा अंदाज ३० ते ३२च्या आसपास आहे. सजीवांच्या वर्गीकरणाचंही तसंच: व्हिटेकर यांची पंचसृष्टी (सजीवांचे पाच गट) १९६९ची, वूझ यांचे तीन अधिक्षेत्र (त्याहून वरच्या पातळीचे गट) १९९०चे. नेमलेलं पुस्तक मागे असेल, तर ‘परीक्षेत हे लिहा, सध्याची समजूत अशी आहे’ असं उघड सांगावं. मुलं गोंधळतील म्हणून गप्प राहणं मला पटत नाही. विज्ञानात आकडे का बदलतात हे त्यांना याहून सोप्या उदाहरणाने कळणार नाही.

बढती म्हणजे वर्ग सोडणं

प्रशासकीय पद आलं की ते घ्यायचंच, असं समजू नका. विषयप्रमुख, प्रश्नपत्रिका काढणं, पाठ्यपुस्तक मंडळावरचं काम, नव्या शिक्षकांचं प्रशिक्षण, विज्ञान संग्रहालयं अशा वाटाही याच अनुभवातून फुटतात. पद घ्यायचं ठरलंच, तर होकार देण्याआधी आठवड्याला किती तास वर्गावर मिळतील आणि प्रयोगशाळेची जबाबदारी कोणाकडे जाईल, हे लेखी विचारून घ्या.