डबल बासचा आवाज घरच्या घरी, कमी खर्चात कसा सुधारायचा

डबल बास (व्हायोलिनच्या जातीचं, उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य) बसका किंवा खरखरीत वाजायला लागला की लोक आधी नव्या तारा शोधतात, आणि चांगला सेट हजारोंच्या घरात जातो. माझ्या मते तारा सगळ्यात शेवटी.

पहिलं काम फुकटचं. चारही तारा हाताने दाबून धरा आणि बोटाच्या पेराने बॉडीच्या कडेकडेने टकटक करत पूर्ण गोल फिरा. मध्येच कुठे चर्र वाजलं तर तिथला जोड सुटलाय. नाशिकची एप्रिल-मेची कोरडी हवा लागली की लाकूड आकसतं आणि जोड उघडतात (कूलरचा झोत तर बासवर अजिबात नको, एकीकडून ओलं एकीकडून कोरडं). जोडाला सरस (कातड्यापासून केलेला डिंक) लावून क्लॅम्प करा, फेविकॉल नको, पुढे कधी उघडायची वेळ आली तर लाकूडच फाटेल. जोड ठीक असेल तर खुंट्यांचे आणि एंडपिनचा (बास जमिनीवर टेकवायच्या दांडीचा) स्क्रू आवळा, बरीचशी भणभण तिथेच मिटते.

मग ब्रिज, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती लाकडी घोडी, खरी गंमत इथेच आहे. ट्यून करताना तारा त्याचा माथा दरवेळी जरासा फिंगरबोर्डकडे (तारा दाबायच्या पट्टीकडे) ओढतात, हळूहळू तो वाकतो, पाय नीट टेकत नाहीत आणि आवाज पोटापर्यंत, म्हणजे पुढच्या फळीपर्यंत, पोचतच नाही. बाजूने बघा, टेलपीसकडची (खाली तारा अडकवायच्या तुकड्याकडची) बाजू पोटाशी काटकोनात हवी, पायाखाली कागदही शिरता कामा नये आणि पाय एफ-होलच्या (पोटावरच्या f आकाराच्या भोकांच्या) आतल्या खाचांच्या रेषेत हवेत. वाकला असेल तर तारा थोड्याच सैल करा, दोन्ही हातांनी माथा धरून हळूहळू मागे घ्या. सगळ्या तारा एकदम सोडू नका हं, आतला साउंडपोस्ट (पुढच्या-मागच्या फळीमधला दांडा) चिकटवलेला नसतो, नुसत्या दाबावर उभा असतो, पडला की कारागीर गाठावा लागतो. नंतर ब्रिज आणि नटच्या (मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचांत 2बी शिसपेन्सिल घासा, म्हणजे तारा सरकतात आणि ब्रिजला ओढत नाहीत.

एखादाच स्वर गुरगुरत असेल तर ब्रिजच्या खालच्या भागात, म्हणजे ब्रिज ते टेलपीसमधल्या तारेवर, रबराचा छोटा तुकडा अडकवून वरखाली सरकवत बघा. ई किंवा ए (सगळ्यात जाड दोन) तारेपासून सुरुवात करा.

स्टेजवर वाजवायचं असेल तर इलेक्ट्रॉनिक पार्टच्या दुकानात 27 मिमीची पिझो चकती (कंपनांचा सिग्नल करणारी) अगदी स्वस्तात मिळते. वायर सोल्डर करून ती ब्रिजच्या पंखाच्या (कडेला निघालेल्या भागाच्या) फटीत कॉर्कच्या पातळ तुकड्याने बसवा, घट्ट ठोकू नका. थेट मिक्सरला जोडली तर आवाज पत्र्यासारखा येतो, मध्ये 1 मेगाओम इनपुटचा प्रीअँप (मिक्सरच्या आधी सिग्नल सांभाळणारा छोटा अँप) हवाच. आणि केबल टेलपीसला रबरबँडने बांधा, कोणाचा पाय अडकला की पहिलं सोल्डरच तुटतं.