पोहण्यात क्वालिफाइंग टाइमच्या मागे लागताना या चुका टाळा

स्टेटच्या पोहण्याच्या स्पर्धेच्या एंट्र्या भरायचे दिवस आले की पालकांचे मेसेज सुरू होतात, "सर, आमचा तर क्यूटी (क्वालिफाइंग टाइम, म्हणजे पात्रतेची वेळ) करतोय, मग यादीत नाव का नाही?" आणि खोलात गेलं की दर वेळी त्याच चुका निघतात. क्लबच्या एंट्र्या बरीच वर्षं मीच भरतोय, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो. पोरं पहाटे अंधारात पाण्यात उतरतात आणि मोठ्यांच्या हलगर्जीपणाने त्यांची मेहनत कागदावर वाया जाते, याचा मला मनापासून राग येतो.

२५ मीटरच्या टँकमधलं टायमिंग क्यूटीशी लावणं

सगळ्यात जास्त नुकसान ह्याने होतं. आमच्याकडच्या एका मुलीचं सांगतो, इव्हेंट १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक. घराजवळच्या २५ मीटरच्या टँकमध्ये तिचं टायमिंग क्यूटीच्या आत येत होतं, बाबांनी मोबाईलवर घेतलेलं. तेवढ्या भरवशावर त्यांनी नॅशनलच्या ट्रेनची तिकिटं काढली, नातेवाइकांत सांगूनही झालं. स्टेट बालेवाडीला, म्हणजे ५० मीटरचा टँक. पहिले ५० तिने छान मारले, टर्नही बरा झाला, पण परतताना शेवटच्या पंधरा मीटरला किक आखूड व्हायला लागली, श्वासासाठी डोकं जास्त वर यायला लागलं आणि बोर्डवर जो आकडा आला तो क्यूटीपेक्षा तीन सेकंदांहून जास्त होता. पोरगी टॉवेल डोक्यावर घेऊन भिंतीला टेकून बसली, कुणाशी बोलेना. बाबा मला म्हणाले, "आज फॉर्मच गेला तिचा." फॉर्म कुठेही गेला नव्हता हो, लाँग कोर्समधलं, म्हणजे ५० मीटरच्या टँकमधलं, तिचं तेव्हापर्यंतचं ते सगळ्यात चांगलं टायमिंग होतं! तिचं अभिनंदन करायचं सोडून सगळे तिचं सांत्वन करत होते.

कारण साधं आहे. १०० मीटरला २५ च्या टँकमध्ये तीन टर्न मिळतात, ५० मध्ये एकच. प्रत्येक टर्नला भिंतीचा धक्का मिळतो आणि पाण्याखालून वेगात जाता येतं, ब्रेस्टला तर पुलआउटमध्ये (टर्ननंतर पाण्याखाली मारायच्या लांब स्ट्रोकमध्ये) आणखी फायदा. जगातल्या सगळ्यात वेगवान लोकांनाही हे चुकलेलं नाही, पुरुषांच्या १०० ब्रेस्टमध्ये लाँग कोर्सचा विक्रम अ‍ॅडम पीटीचा ५६.८८, आणि शॉर्ट कोर्सला, म्हणजे २५ मीटरच्या टँकमध्ये, इल्या शिमानोविच ५५.२८ पोहलाय. तिथे दीड सेकंदापेक्षा जास्त फरक पडतो, तर बारा-तेरा वर्षांच्या मुलीचा किती पडेल याचा विचार करा. ऑलिंपिकचा कट फक्त ५० मीटरच्या टँकमधल्या टायमिंगवर धरतात ते उगाच नाही. शॉर्ट कोर्सचं टायमिंग लाँग कोर्समध्ये बदलून देणाऱ्या कन्व्हर्जनच्या कॅलक्युलेटरवर मी विश्वास ठेवत नाही, कारण कुणाचा टर्न किती चांगला आहे हे त्याला कळत नाही. टर्न जितका भारी, तितका लाँग कोर्सला फटका मोठा.

आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचबद्दल तर बोलायलाच नको. शिट्टी ऐकून अंगठा उशिरा पडतो आणि हात भिंतीकडे येताना दिसला की आधीच पडतो, म्हणजे दोन्हीकडून वेळ मुलाच्या बाजूने चोरली जाते. टचपॅडला, म्हणजे हात लागला की वेळ थांबवणाऱ्या भिंतीवरच्या इलेक्ट्रॉनिक पॅडला, असं काही नसतं. उलट हळूच हात टेकवला तर पॅड थांबतही नाही, त्यामुळे प्रॅक्टिसलासुद्धा भिंतीवर जोरात हात मारूनच संपवायची सवय लावा.

माझ्या वहीत प्रत्येक टायमिंगच्या पुढे तीन गोष्टी लिहिलेल्या असतात, टँक किती मीटरचा, वेळ हाताने की इलेक्ट्रॉनिक, सुरुवात ब्लॉकवरून की भिंतीला ढकलून. या तीन गोष्टी नसतील तर तो आकडा मी क्यूटीशी लावतच नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

बी कट आला म्हणजे तिकीट आलं असं समजणं

इथे तर बाजारात तुरी अशी गत असते. ऑलिंपिकला दोन टायमिंग असतात, एक थेट पात्रतेचं, ज्याला सगळे ए कट म्हणतात, आणि दुसरं नुसतं विचारात घेण्याचं, तो बी कट. टोकियोला हे दुसरं ३ टक्के ढिलं होतं, पॅरिसला फक्त अर्धा टक्का. पॅरिसला पोहणाऱ्यांचा एकूण कोटा ८५२, त्यात आधी ए कटवाले, रिलेवाले, मग ज्या देशांकडे कोणी पात्र नाही त्यांच्या युनिव्हर्सॅलिटीच्या जागा, आणि हे सगळं भरून जागा उरल्या तर बी कटवाल्यांना बोलावणं. आपले श्रीहरी नटराज आणि धिनिधी देसिंघू पॅरिसला युनिव्हर्सॅलिटीतूनच गेले, टोकियोला माना पटेलही तशीच गेली. त्यात कमीपणा काही नाही, पण तो वेगळा रस्ता आहे, त्याचे नियम वेगळे आहेत आणि ते आधी वाचावे लागतात.

हे नियम वाचण्यात मोठमोठे लोक चुकतात. टोकियोच्या वेळी पोलंडच्या फेडरेशनने २३ जणांना नेलं, पात्र ठरले १७, आणि जपानला पोचलेल्या सहा जणांना परत फिरावं लागलं. ऑलिंपिकच्या दारातून! त्या पोरांवर काय गुजरली असेल. म्हणून मी ग्रुपवर फिरणारे स्क्रीनशॉट बघत नाही, फेडरेशनच्या साइटवरून त्या सीझनची पीडीएफ काढतो, प्रिंट घेतो आणि पात्रतेच्या तारखांवर आधी मार्कर फिरवतो. आता २०२८ च्या लॉस एंजेलिसला ५० मीटरच्या बॅक, ब्रेस्ट आणि बटरफ्लायसुद्धा आल्यात, तरी लोक अजून पॅरिसचा तक्ता पुढे ढकलताहेत.

शेवटच्या मीटवर (स्पर्धेवर) सगळा डाव लावणं

"साजन प्रकाशने नाही का केलं शेवटच्या क्षणी?" हे मला प्रत्येक उतावळा पालक ऐकवतो. हो, केलं. २६ जून २०२१, रोम, २०० बटरफ्लाय, १:५६.३८. कट होता १:५६.४८ आणि मुदत संपत होती दुसऱ्या दिवशी. ऑलिंपिकचा ए कट गाठणारा तो पहिला भारतीय. पण त्याच्या आधी तो बेलग्रेडला १:५६.९६ पोहला होता, मानेच्या दुखापतीतून उठून मीटमागून मीट खेळत तिथवर आला होता, हे कोणी सांगत नाही. रोमलाच श्रीहरीने १०० बॅकला ५३.७७ केलं, कट ५३.८५, पण ती टाइम ट्रायल होती, म्हणजे मुख्य रेसबाहेर नुसती वेळ घ्यायला पोहलेली, त्यामुळे ते धरणार की नाही हे कळायला वाट बघावी लागली. तुमच्या लेव्हलला अशी वाट बघायची वेळ आणू नका, मीट मान्यताप्राप्त आहे ना हे पोहण्याआधी विचारा. मी सीझनला तीन मीट धरतो, पहिल्याला टेपर देत नाही, म्हणजे मीटआधी सराव कमी करत नाही, थकलेल्या अंगाने कुठवर जातंय ते बघतो, आणि कटच्या आत थोडी तरी जागा ठेवायचं लक्ष्य देतो. कारण शंभराव्या भागावर गोष्टी जातात, आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं २०१८ च्या एशियन गेम्सचं मेडल ५० फ्रीला ०.०१ ने गेलं, त्याचे २२.४७, ब्रॉन्झवाल्याचे २२.४६.

बाकीच्या पटापट

रिलेमध्ये फक्त पहिल्याचं टायमिंग वैयक्तिक म्हणून धरतात, बाकीच्यांना टेकओव्हरचा, म्हणजे आधीचा भिंतीला टेकतानाच सुटण्याचा, फायदा मिळतो.

महागडा सूट घेण्याआधी वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सच्या मान्य यादीत त्याचं मॉडेल बघा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

वय कोणत्या तारखेला मोजतात ते सर्क्युलरमध्ये वाचा, मागच्या वर्षीच्या वयोगटावर राहू नका.

फास्ट हीट (वेगवान मुलांची फेरी) मिळावी म्हणून खोटा एंट्री टाइम टाकू नका. बाजूच्या लेनमधलं मूल पुढे निघून जातं, तुमचं घाबरून पहिल्या ५० लाच जीव काढतं आणि शेवटी स्वतःच्या बेस्टपेक्षाही मागे येतं. हा शॉर्टकट मला अजिबात आवडत नाही.

आणि रेस झाली की लगेच गाडीकडे पळू नका. रिझल्ट शीट लागेपर्यंत थांबा, नाव, लेन, टायमिंग तपासा, फोटो काढून ठेवा. काही चुकलं असेल तर प्रोटेस्ट इव्हेंट संपल्यापासून ३० मिनिटांच्या आत, तोही लेखी आणि टीमच्या जबाबदार माणसाकडूनच द्यावा लागतो. घरी पोचून मला फोन केलात तर मी काहीही करू शकत नाही.