नवी अकूस्टिक गिटार घेतलीत? पहिल्या महिन्यातल्या या चुका टाळा

गिटार घरी येते, दोन दिवस कौतुकात जातात आणि मग तक्रारी सुरू होतात. बोटे सोलवटली, एफ कॉर्ड काही केल्या लागत नाही, जाड तार खरखरते, ट्यूनरवर लावूनही कॉर्ड बेसूर वाटते. वाद्यच वाईट निघाले असे फार थोड्या वेळा होते. बहुतेकदा दुकानात काही मोजलेले नसते, किंवा घरी दुरुस्ती उलट्या क्रमाने झालेली असते. कारखान्यातून गिटार निघते तेव्हा तारा जरा उंचच ठेवलेल्या असतात. तार खाली असली तर ती खरखरते आणि गिऱ्हाईक गिटार परत आणतो. उंच असली तर तो बिचारा स्वतःच्या बोटांना दोष देत बसतो.

आवाज ऐकला, सॅडल पाहिलेच नाही

दुकानात सगळे आधी कॉर्ड वाजवून बघतात. त्याआधी ब्रिजवरची (अंगावर तारा जिथे अडकवतात त्या लाकडावरची) पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, बघा. ती ब्रिजच्या लाकडातून निदान ३ मिमी वर दिसायला हवी. मग एक लांब सरळ स्टीलची पट्टी फ्रेटांवर (मानेवर बसवलेल्या धातूच्या आडव्या रेघांवर), मधल्या तारांच्या बाजूने, आडवी न ठेवता लांबीला ठेवा. तिचे दुसरे टोक ब्रिजच्या माथ्याला टेकले तर मानेचा कोन ठीक आहे. पट्टी ब्रिजच्या पोटाला धडकली आणि सॅडलही जेमतेम डोकावत असले, तर ती गिटार परत ठेवा. तारा उंच असूनही खाली आणायला जागाच उरलेली नाही. मान सोडवून पुन्हा बसवण्याचा खर्च स्वस्त गिटारच्या किमतीहून जास्त होतो.

‘सॉलिड टॉप’ म्हणून विकलेली फळी खरी आहे का, ते साउंडहोलच्या, म्हणजे मधल्या गोल भोकाच्या, कडेला कळते. वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरत असतील तर फळी एकसंध. कडेला थर दिसले तर लॅमिनेटेड. यामाहाच्या एफ३१० ची वरची फळी लॅमिनेटेड आहे, एफजी८०० ची सॉलिड स्प्रूस. पण सॉलिडचा आग्रह सरसकट धरू नये. कोकणात उघड्या खोलीत भिंतीला टांगायची असेल, तर लॅमिनेटेड गिटार जास्त समजूतदारपणे वागते. मागच्या-बाजूच्या फळ्यांना ‘इंडियन रोझवुड’ म्हणून जे जास्तीचे पैसे मोजतो, ते आपले शिसवच. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने १९६९ मध्ये ब्राझिलियन रोझवुड मिळेनासे झाल्यावर आपल्या नेहमीच्या गिटारींसाठी हेच लाकूड धरले. मात्र आवाजाचा मोठा वाटा वरच्या फळीचा, त्यामुळे बजेट तोकडे असेल तर आधी वरची फळी सॉलिड घ्या, शिसव नंतर.

तारा उंच म्हणून ट्रस रॉड पिळणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक. ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली धातूची सळई, मानेचा बाक ठरवतो. तारांची उंची सॅडल आणि नट (मानेच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) ठरवतात. रॉड घट्ट करत गेले की तारा थोड्या खाली येतात खऱ्या, पण मान मागे झुकते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटांवर खरखर सुरू होते. म्हणून क्रम मोडायचा नाही : आधी बाक, मग नट, शेवटी सॅडल. आणि प्रत्येक माप गिटार पूर्ण सुरात असतानाच घ्यायचे, कारण ढिल्या तारांवर मान वेगळीच वागते.

बाक मोजायला पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि जिथे मान अंगाला मिळते तो फ्रेट, बहुधा चौदावा, बोटाने दाबा. आता सहाव्या-सातव्या फ्रेटवर जाड तार आणि फ्रेट यांच्यात ०.१५ ते ०.२५ मिमी फट हवी. मोटारसायकलच्या टॅपेट सेटिंगसाठी जे फीलर गेज वापरतात तेच इथे चालते. कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. फट जास्त असेल तर रॉडचा स्क्रू घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेरा, पुन्हा सुरात लावणे, थोडा वेळ जाऊ देणे, पुन्हा मोजणे. किल्ली नीट बसत नसेल किंवा तो स्क्रू हलतच नसेल तर तिथेच थांबा. त्याचे खाचे झिजले की साधी गोष्ट कारागिराकडे जाते आणि बिल वाढते.

नटची परीक्षा त्याहून सोपी. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बोटाने हलकेच टकटक करा. तारेखाली कागदाएवढी फट आणि बारीकसा ‘टिक’ आला की झाले. तिथे सरळ उजेड दिसत असेल तर नट उंच आहे. एफ कॉर्ड न लागण्याचे आणि मोकळ्या तारा सुरात असूनही सी, डी चढे ऐकू येण्याचे हेच कारण असते. दोष कानाचाही नाही, ट्यूनरचाही नाही. नटच्या खाचा मात्र घरच्या कानसीने घासू नका. प्रत्येक तारेला तिच्या जाडीची वेगळी कानस लागते, आणि खाच एकदा खोल गेली की नट बदलावाच लागतो.

आता सॅडल. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत मोजा. स्टीलच्या तारांना जाड तारेखाली २.२ ते २.५ मिमी आणि बारीक तारेखाली १.७ ते २ मिमी हे रोजच्या वाजवण्याला चांगले माप. समजा जाड तारेखाली ३ मिमी भरले आणि तुम्हाला २.४ हवेत. फरक ०.६ चा, पण सॅडलवरून घासायचे १.२ मिमी, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर आहे. तिथे जेवढे कमी हवे त्याच्या दुप्पट टोकाला काढावे लागते. सॅडलवर पेन्सिलने रेघ मारा, काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि सॅडलचा तळ घासा. माथा कधीच घासायचा नाही. त्यावर बी तारेसाठी वगैरे जो उतार कोरलेला असतो तो स्वर जुळवण्यासाठी आहे. तळ एकसारखा सपाट हवा. खाली पिकअप (अ‍ॅम्पसाठी आवाज पकडणारा भाग) असेल तर आणखी काटेकोर, नाहीतर अ‍ॅम्पवर एखादी तार मुकी होते. रेघेच्या जरा अलीकडे थांबा, बसवून मोजा, मग उरलेले घासा.

खरखर कुठे आहे हे न बघताच उपाय

फक्त मोकळी तार खरखरते आणि कॅपो लावल्यावर थांबते : नटची खाच खोल गेली. पहिल्या चार-पाच फ्रेटांत खरखरते : मान जास्त सरळ, रॉड पाव फेरा ढिला करा. बाराव्याच्या पुढे : सॅडल खाली, किंवा अंगाजवळ मान उंचावली. एकाच फ्रेटवर : त्याच्या पुढचा फ्रेट उचललेला. आणि कुठेही दाबा, एखाद्याच स्वरावर काहीतरी झणझणत असेल तर तारांना हात लावण्याआधी पेगचे स्क्रू, स्ट्रॅपचे बटन, पिकअपची आत लोंबणारी वायर आणि खुंटीपाशी न कापलेले तारेचे टोक तपासा. निम्म्या वेळा गुन्हेगार तिथेच सापडतो.

तारा

बोटे दुखतात म्हणून १२-५३ काढून १०-४७ चा सेट टाकणे चुकीचे नाही (आकडे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात). पण ताण कमी झाला की मान सरळ होते आणि नवीच खरखर येते. सेट बदलला की बाक पुन्हा मोजायचा, हे गृहीत धरा. त्याहून वाईट म्हणजे नायलॉनच्या क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा चढवणे. नायलॉनचा एकूण ताण साधारण ४० किलो, १२-५३ स्टीलचा ७० किलोच्या वर. काही आठवड्यांत ब्रिजमागून फळी फुगते आणि ब्रिज उखडतो.

तार बसवताना ती ब्रिजमध्ये अडकवणारी पिन ठोकून बसवू नका. तारेच्या टोकाचा गोळा फळीखालच्या आतल्या पट्टीला टेकला पाहिजे, पिनच्या टोकाला नाही. पिनची खाच मानेकडे ठेवून ती बोटाने दाबा, तार वर ओढून धरा, ‘टक’ करून गोळा अडकल्याचे कळते. तसे झाले नाही तर सूर लावताना पिन उडते. खुंटीला दोन-तीन वेढे पुरतात. तार पूर्ण सुरात आल्यावरच टोक कापा.

पावसाळा आणि मे महिना

गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबई-रत्नागिरीत जुलैमध्ये हवा याच्या खूप वर असते : फळी फुगते, ब्रिजमागे पोट सुटते, तारा उंचावतात. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात उलटे : फळी बसते, तारा खाली येतात, लाकूड आकसल्याने फ्रेटांची टोके बोटाला टोचतात आणि शेवटी स्प्रूसला चीर जाते. म्हणून जुलैत सॅडल घासू नका. नोव्हेंबरात हवा कोरडी झाली की त्याच गिटारच्या तारा फ्रेटला टेकतील, आणि घासलेले परत लावता येत नाही.

केसमध्ये छोटा डिजिटल हायग्रोमीटर ठेवा, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पिशव्या. हार्ड केस असेल तरच त्यांचा उपयोग. कापडी बॅगेत त्या खोलीभरची ओल ओढतात आणि दोन दिवसांत संपतात. ओल धरणारी बाहेरची भिंत आणि एसीच्या झोताखालची जागा दोन्ही टाळा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत गिटार ठेवली तर सरस मऊ पडून ब्रिजची मागची कड उचलते. तिथे साधा कागद आत सरकला की वेळीच दाखवा, तारा ढिल्या करून.

ट्यूनरचे एक बटन

सगळी गिटार मिळून रेकॉर्डिंगपेक्षा किंचित खाली वाटत असेल तर ट्यूनरवर सुराच्या पायाचा आकडा ४४० (हर्ट्झ) च आहे ना ते बघा. क्लिप ट्यूनरचे ते बटन खिशात दाबले जाते आणि आकडा ४३५ वर गेलेला कोणाच्या लक्षात येत नाही. उलट, भजनाला हार्मोनियमबरोबर बसायचे असेल तर पेटी नेमकी ४४० वर असेलच असे नाही. पेटीचा एक स्वर धरून ट्यूनरचा आकडा बदला, मग सहाही तारा त्यावर लावा. पेटी काही गिटारसाठी सूर बदलणार नाही.